उजवं मडगार्ड

सोंबोर, ३ एप्रिल १९९७

प्रिय कुम रादिसाव यांना,

यागोदाचा नमस्कार. एवढ्या दिवसांनी पत्र म्हणजे पोरीचं काहीतरी काम असणार, असं म्हणाल. आहेच. आधी बातमी ऐका, मग काम.

माझं लग्न ठरलंय. रविवार, ८ जून. मुलगा दाम्यान, माझ्याच शाळेत व्यायाम शिकवतो. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून मला उचलून घेणारे धर्मपिता तुम्ही, त्यावरून आपली दोन्ही घरं एकमेकांची कुम, तेव्हा चर्चमध्येही माझ्या शेजारी तुम्हीच उभं राहायचं. बाबा म्हणाले, नको त्याला त्रास देऊस, त्याच्या डोक्याचं काही सांगता येत नाही. मी म्हटलं, सव्वा वर्ष तुरुंगात काढून आलेत, आता थंड झाले असतील. त्या स्रेतेन बेकरीवाल्याचा डोळा गेला ते वाईटच झालं. पण तुमच्या उग्लेशाला गाडीखाली घालून पळून गेलेल्या माणसाची तुम्ही आरती ओवाळायला हवी होती, असं आमच्या घरात तरी कुणी म्हणत नाही.

आता काम. बाबांनी ती जुनी लाल झास्तावा गाडी मला लग्नात द्यायचं ठरवलंय. सोंबोरला आल्यापासून ते तिला हातही लावत नाहीत, बसनेच हिंडतात. आई चालवते. तिचं लाल उडून पार गुलाबी झालंय. अंगाला लागलं की कपड्यावर खडूसारखी भुकटी येते. फक्त पुढचं उजवं मडगार्ड अजून लखलखतंय. बाबा म्हणतात, ती बाजू भिंतीच्या सावलीत असते म्हणून. दाम्यानचं म्हणणं, गाडी नव्याने रंगवून घ्यावी आणि वर तो हल्लीचा पारदर्शक थर मारावा, म्हणजे दहा वर्षं बघायला नको. मला मात्र तुम्हीच दिलेला रंग हवाय. तो परत वर येईल का? काय लावू, कसं घासू, सगळं सविस्तर लिहा. बाबांना लग्नाच्या दिवशी चकित करायचंय, म्हणून उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा.

काकू अजून बहिणीकडेच का?

तुमची यागोदा


वाल्येवो, ९ एप्रिल १९९७

यागोदा पोरी,

पत्र आलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाची मानगूट धरलेली होती. त्या गाढवाने परवाच रंगवून नेलेली गाडी भांड्यांच्या पावडरीने घासली आणि वर मलाच म्हणतो, तुमचा रंग कच्चा. त्याला दाराबाहेर काढताना दाराची काच गेली. काच माझी होती, त्यामुळे आणखीच तिडीक गेली डोक्यात. मग तुझं पत्र वाचलं आणि बसलो. लग्न करतेयस. तुला पाण्यातून उचललं तेव्हा माझ्या बाहीवर ओकली होतीस तू.

उभा राहीन. तुझ्या बापाला सांग, माझं डोकं माझ्या खांद्यावर आहे, त्याने त्याचं सांभाळावं.

आता नीट वाच. तुझी गाडी मी एक्याऐंशी साली रंगवली, तू शाळेत जायला लागलीस त्या वर्षी. एकथरी रंग. म्हणजे लालही त्यातच आणि चकाकीही त्यातच, वर दुसरं काही नाही. ऊन त्याचा वरचा पापुद्रा मारून टाकतं, ती तुझी खडूची भुकटी. पण खाली अजून जिवंत लाल आहे. मेलेला पापुद्रा काढलास की गाडी परत तेवीस वर्षांच्या नवरीसारखी होईल. सावलीतली बाजू चांगली राहते, हेही खरं.

दाम्यानला सांग, दोनथरी रंग माझ्याकडेही असतो, लोकांना तोच हवा असतो. खाली नुसता रंग, त्याला चमक नाही. वर पारदर्शक लॅकर, चमक सगळी त्याची. पहिली काही वर्षं काही करावं लागत नाही, धुतलं की झालं. पण तो लॅकर एकदा उन्हाने फुटला, पोपडे धरले, की घासून काही उपयोग नाही. खरवडून सगळं पहिल्यापासून. एकथरीला दर वर्षी हात लावावा लागतो, पण तो हाताला दाद देतो. मला तोच आवडतो.

कृती अशी. कोमट पाण्याने धू, सावलीत वाळव. पांढरं सुती फडकं घे, जुनी बनियन उत्तम. पांढरंच घे, म्हणजे काय निघतंय ते दिसतं. मी डबा पाठवतोय रबिंगचा, म्हणजे घासायच्या लेपाचा, तो बोटभर घेऊन एका वेळी वहीच्या पानाएवढाच भाग घास. कडांवर आणि उठावांवर जोर देऊ नकोस, तिथे रंग पातळ असतो, पत्रा दिसेल. फडकं लाल होईल. घाबरू नकोस, एकथरी रंग असाच हाताला येतो. शेवटी मेण लाव आणि दर तीन महिन्यांनी लावत राहा.

उग्लेशा असता तर त्यालाच पाठवला असता. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका होता. सगळ्या जन्मात त्या पोराने माझा एक रंग बिघडवला नाही.

काकू बहिणीकडेच आहे.

रादिसाव


सोंबोर, २५ एप्रिल १९९७

प्रिय कुम,

आज गुड फ्रायडे. आई स्वयंपाकघरात ईस्टरची अंडी रंगवतेय आणि मी मागे गॅरेजमध्ये. आत आले तर आई म्हणाली, तू कुठे रंगवून आलीस? कोपरापर्यंत लाल झाले होते हात. बाबा आठवडाभर बेलग्रेडला आहेत, त्यामुळे बरं फावलं.

कुम, जादू आहे हो ही. बॉनेट झालं, डावी बाजू झाली, दोन्ही दारं झाली. चार बनियनी खलास. खालून असा लाल वर आलाय की दाम्यान गप्पच झाला, आणि तो गप्प होणं किती अवघड आहे ते तुम्हाला भेटल्यावर कळेल.

एकच अडलंय. उजव्या मडगार्डावर फडकं लाल होत नाही. पांढरं ते पांढरंच. जोर लावून घासलं, नवं फडकं घेतलं, रबिंग जास्त घेतलं, तरी काही नाही. चमक आहे, पण रंग हाताला येत नाही. दार घासलं की लाल, त्याच फडक्याची दुसरी बाजू मडगार्डावर घासली की कोरी. माझं काही चुकतंय का? की सावलीतल्या रंगाचं असंच असतं?

तुम्ही ईस्टरला एकटेच असाल. चांगलं काहीतरी करून खा, नुसती राकिया ढोसून दिवस काढू नका.

यागोदा


वाल्येवो, २ मे १९९७

यागोदा,

तुझं काही चुकत नाहीये. चुकलंय तुझ्या बापाचं, आणि लग्नात सगळ्यांसमोर मी त्याचा कान पिळणार आहे.

फडकं पांढरं राहतं म्हणजे तिथे रंगावर लॅकर आहे. ते मडगार्ड माझं नाही. कुणीतरी दुसऱ्याने रंगवलंय, दोनथरी. माझ्या गाडीला! कुमची गाडी आणि कुम सोडून दुसऱ्याचा हात? वीस वर्षं मी तुझ्या बापाकडून, वितोमिरकडून, रंगाचा एक पैसासुद्धा घेतला नाही, आणि हा मनुष्य कुठल्यातरी उपऱ्याच्या दारात गाडी घेऊन गेला. वाचलं आणि हातातली फवाऱ्याची बाटली भिंतीवर फेकून मारली. भिंत अजून निळी आहे. तो रंगारी मला भेटला तर एकेक बोट मागे वाकवून मोडीन. आणि मूर्खपणा बघ, एकथरी गाडीला दोनथरी मडगार्ड! त्याला वाटलं असेल, चांगलं काम करतोय. बाकीची गाडी दर वर्षी फिकी होत गेली आणि ते एकटं तसंच. ज्याला डोळे आहेत त्याला लांबून दिसावं असं काम.

मला आता छडाच लावायचाय. बापाला विचारू नकोस, तो सावलीच्या गोष्टी सांगेल. एक लोहचुंबक घे. पत्र्यावर तो चिकटतो, चेपलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली असेल तिथे चिकटत नाही. मडगार्डभर फिरव आणि लिही, कुठे सुटतो, जमिनीपासून किती वर, किती मोठा भाग. आणि आईला सहज विचार, कधी रंगवलं, कुणाकडे. त्या गृहस्थाचं नाव मिळालं तर ठीकच.

रादिसाव


सोंबोर, ९ मे १९९७

प्रिय कुम,

तुमचं पत्र दाम्यानला वाचून दाखवलं. तो म्हणतो, या माणसासमोर मी लग्नात पाय जपून टाकीन.

शाळेतला चुंबक आणला. दिव्याच्या मागे, जमिनीपासून माझ्या मांडीएवढ्या उंचीवर, तळहाताहून थोडा मोठा भाग, तिथे तो सुटून खाली पडतो. आणि बॉनेटच्या उजव्या कडेला बोटभर जागेत. बाकी सगळीकडे चिकटतो.

आईला विचारलं. आधी म्हणाली, आठवत नाही. मग म्हणाली, आपण सोंबोरला आलो त्या वर्षी, नोव्हेंबरात. तेव्हा बाबांच्या पुढ्यात हरिण आलं होतं म्हणे. शाबात्सला कुणाकडे तरी आठवडाभर गाडी ठेवली होती. आणि मग माझ्यावरच ओरडली की अंड्यांची भांडी पडलीत आणि तू कसल्या चौकशा करतेस. ईस्टर होऊन दोन आठवडे झाले, कुठली अंडी? थकलीय ती लग्नाच्या धावपळीने.

तर कुम, बाबांवर रागावू नका. मला लगेच उलगडलं. तो नोव्हेंबर म्हणजे उग्लेशा गेला तोच. ज्याने आठवड्यापूर्वी मुलगा पुरलाय, त्याच्या दारात चेपलेली गाडी घेऊन कोण जाईल? तुम्हाला त्रास नको म्हणून गेले ते शाबात्सला. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा बाबांचा अभिमानच वाटला. लग्नात कान पिळायचाच असेल तर हळू पिळा.

तुमची यागोदा


वाल्येवो, १४ मे १९९७

यागोदा,

हे पत्र बसून वाच. दाम्यान जवळ असला तर बरं.

उग्लेशाचे कपडे मला कोर्टाकडून खटला संपल्यावर मिळाले, मी तुरुंगातून सुटल्यावर. त्याच्या स्वेटरच्या लोकरीत नखाएवढी लाल कपची अडकलेली होती. मी ती अगदी बारीक पॉलिश पेपरवर घासली. पहिल्याच फिरवण्यात कागद लाल झाला. लॅकर असता तर आधी पांढरी भुकटी आली असती. म्हणजे एकथरी. स्रेतेनची गाडी जर्मनीहून आलेली, दोनथरी. ती मी पाहिली होती, त्या दिवशी मी तिच्या बॉनेटवरच त्याला आडवा पाडला होता. मी गाड्या रंगवणारा माणूस. मी आधी एक बोट फिरवलं असतं तरी मला कळलं असतं की ही ती गाडी नाही. मी बोट फिरवलं नाही. मी व्हील पाना फिरवला. निरपराध माणसाचा डोळा काढला मी, आणि हे मला दोन वर्षं माहीत आहे, आणि मी कुणालाही सांगितलेलं नाही.

त्या दिवशी माझ्याबरोबर कोण होतं ते तुला माहीत आहे का? मला स्रेतेनच्या बेकरीपर्यंत शेजाऱ्याच्या गाडीतून कुणी नेलं? तुझ्या बापाने. लाल गाडी आहे, तोच असेल, असं कोण म्हणालं? तुझा बाप. मी त्या माणसाला तुडवत होतो आणि वितोमिर दारात उभा होता. आडवा आला नाही. कोर्टात साक्ष द्यायला आला, रडला, म्हणाला माझा कुम दुःखाने वेडा झाला होता.

माझा पोरगा उंच होता. तू लिहिलेल्या उंचीवर त्याचा गुडघा मोडला होता, आणि त्याच्या वर मांडी. बॉनेटच्या कडेला डोकं लागलं. तुझं हरिण माझ्याहून उंच होतं, यागोदा.

तुझ्या बापाने त्याला अंघोळ घातली. शवपेटीची पुढची बाजू त्याने धरली होती. चाळीस दिवसांच्या जेवणाला माझ्या उजव्या हाताला बसला, माझ्या ताटात वाढलं आणि दुसऱ्या दिवशी सामान भरून सोंबोरला निघून गेला.

कुमवर हात उगारत नाहीत. आपल्यात माणूस भावाला मारतो, कुमला मारत नाही. म्हणून मी आज नातं तोडतोय. तुझ्या घराचा मी आता कुणी नाही. पुढच्या शनिवारी, चोवीस तारखेला, मी सोंबोरला येतो आहे. तुला आधी कळवतोय कारण तुझं डोकं मी पाण्यावर धरलं होतं, तुझ्या पाठीमागून येणं मला जमत नाही. त्या दिवशी तू आणि तुझी आई घरात राहू नका. मी त्याला मारणार आहे. धमकी नाही, नुसतं सांगतोय.

रादिसाव


सोंबोर, १८ मे १९९७

कुम,

मी तुम्हाला कुमच म्हणणार. तुम्ही एकट्याने तोडल्याने ते तुटत नाही.

तुमचं पत्र मी शाळेच्या संडासात दार लावून वाचलं आणि उरलेले तास सोडून दिले. घरी आले. बाबा पुस्तक वाचत होते. मी पत्र त्यांच्या पुस्तकावर ठेवलं. त्यांनी वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, 'हो.' एवढंच. मी त्यांच्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग दुसऱ्यांदा. आई मध्ये आली तर तिलाही ढकलली, तिचं कपाळ कपाटावर आपटलं, दोन टाके पडलेत. तिला सगळं माहीत होतं. साडेतीन वर्षं ती त्या गाडीतून मला बाजारात नेत होती.

मग मी गॅरेजमध्ये गेले आणि लाकडाच्या कुऱ्हाडीने ते मडगार्ड फोडलं. लॅकरचे तुकडे काचेसारखे उडाले, एक गालात घुसला. दाम्यानने मागून धरलं नसतं तर सबंध गाडी फोडली असती. शेजारी भिंतीवरून बघत होते.

बाबांनी सांगितलं ते असं. संध्याकाळचे पाच वाजले होते, अंधारून आलं होतं. ते तुमच्याकडेच यायला निघाले होते. तुमच्या वळणावर पोरगा रस्त्याच्या मधून चालत होता, गडद स्वेटर, दिसलाच नाही. उतरून पाहिलं तर उग्लेशा. पुढे काय झालं ते विचारलं, तर म्हणाले, ते मी रादिसावलाच सांगेन. मी म्हटलं, पळालात का? म्हणाले, हो. मी म्हटलं, स्रेतेनचं नाव का घेतलंत? म्हणाले, त्याला कुणावर तरी हात टाकायचाच होता, तो माझ्यावर पडू नये म्हणून. माझ्या बापाने हे वाक्य माझ्या तोंडावर म्हटलं.

आज सकाळी उठले तर ते नव्हते. आई म्हणते, पहिल्या बसने गेले. तुमच्याकडे. हातात काही नाही, पिशवीसुद्धा नाही. शनिवारपर्यंत थांबून तुम्हाला इकडे येऊ द्यायचं नव्हतं, तुम्ही ते माझ्या घरात करू नये म्हणून.

मी तुम्हाला क्षमा करा म्हणत नाही. मीच केली नाहीये. पण त्यांना मारू नका. त्यांनी काय केलं ते मला कळतं, तरी ते माझे बाबा आहेत, आणि तुम्ही माझे कुम आहात. तुम्ही त्यांना मारलंत तर माझ्याकडे दोघांपैकी कुणीच उरत नाही. हे पत्र जलद टपालाने टाकतेय. ते आधी पोचतात की हे, देव जाणे.

यागोदा


वाल्येवो, जिल्हा तुरुंग, २७ मे १९९७

यागोदा,

तो आधी पोचला.

तुझा बाप जिवंत आहे, हे तुला इस्पितळाने कळवलं असेलच. बाकीचं माझ्याकडून ऐक.

त्याच रविवारी दुपारी तो कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. मी एका दाराला पॉलिश पेपर मारत होतो. मी पाण्याची नळी बंद केली, शटर खाली ओढलं. तो म्हणाला, तुला यायची गरज नाही, मीच आलोय. मी त्याला पहिला ठोसा मारला तेव्हा तो पडला आणि परत उठून उभा राहिला. हात वर करत नव्हता. माराला आडवासुद्धा हात घालत नव्हता, त्याने माझं टाळकं आणखीच सरकलं. त्याच्या बरगड्या मी लाथांनी मोडल्या, कडकड आवाज मला ऐकू येत होता. उजव्या हातावर, ज्याने माझ्या ताटात वाढलं होतं, त्याच्यावर मी व्हील पाना घातला. जमिनीवर आधीपासून पाणी होतं, पॉलिश पेपरचं लाल पाणी, त्यात त्याचं मिसळत होतं, कुठलं काय ते कळेना. मी पाना डोक्यावर उचलला आणि त्याला म्हटलं, माझा पोरगा कसा मेला ते सांग आणि मग मर.

तो म्हणाला, 'तो शुद्धीत होता. मला ओळखलं त्याने. म्हणाला, कुम, बाबांना सांगू नका. आज आधीच खूप मार खाल्लाय.'

पोरी, तुला मी लिहिलं होतं की उग्लेशाने माझा एकही रंग कधी बिघडवला नाही. ते खोटं आहे. त्या दिवशी दुपारी मी एका गाडीचं दार रंगवून ओलं ठेवलं होतं आणि त्याने शेजारीच झाडू मारला. सगळी धूळ रंगात बसली. मी कॉम्प्रेसरची रबरी नळी काढली आणि त्याला पाठीवर, पायांवर, जिथे लागेल तिथे मारलं. एकोणीस वर्षांचा पोरगा, माझ्याहून उंच, हाताने नुसतं डोकं झाकून उभा होता. मग म्हटलं, तोंड काळं कर. तो कोटसुद्धा न घेता बाहेर पडला. म्हणून तो त्या वेळी रस्त्यावर होता. म्हणूनच मधून चालत होता, कुठे जायचं ते ठाऊक नसल्यासारखा. हे मी त्याच्या आईलाही सांगितलं नाही. तिला वास आला असावा, ती गेलीच.

त्या माराबद्दल तो आणि मी सोडून कुणालाही माहीत नव्हतं. म्हणजे वितोमिर खरं बोलला. माझा पोरगा रस्त्यावर मोडून पडला होता आणि त्याला गाडीची भीती वाटली नाही, मरणाची वाटली नाही, माझी वाटली. आणि तुझा बाप तिथून पळाला तोही मलाच भिऊन. जायचं कुणाच्या दारात होतं? माझ्याच. हातात काय घेऊन दार उघडलं असतं मी, ते त्याला चांगलं माहीत होतं.

आता हेही लिहितो, कारण अर्धवट लिहून उपयोग नाही. हे ऐकल्यावर मी थांबलो असं तुला वाटेल. नाही थांबलो. पाना टाकला, पण मुठीने आणखी एकदा मारलं, जबड्यावर, ते मला ऐकवल्याबद्दल. मग शटर वर केलं आणि शेजाऱ्याला रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं.

पोलिसांना स्रेतेनबद्दलही सांगितलं. परवा तो इथे भेटायला आला. मी त्याला सगळं सांगितलं, कपचीचंसुद्धा. एका डोळ्याने माझ्याकडे बघत त्याने शेवटपर्यंत ऐकलं. सोबत पावाची पिशवी आणली होती, ती परत घेऊन गेला. बरोबर केलं त्याने.

लग्नाला मी येऊ शकणार नाही हे उघडच आहे. एरवीही मला बोलावू नकोस. माझं जे व्हायचं ते होऊ दे. मला एवढंच कळलंय की माझ्या पोराला कुणी मारलं ते मी साडेतीन वर्षं सगळ्या गावभर शोधत होतो.

रादिसाव


सोंबोर, ८ जून १९९७

कुम रादिसाव,

आज लग्न व्हायचं होतं. पुढे ढकललंय, कधीपर्यंत ते माहीत नाही. दाम्यान आहे, तो जात नाही.

बाबांना आता इथल्या इस्पितळात आणलंय. जबडा तारेने बांधलाय, नळीने सूप घेतात. उजवा हात पूर्ण कधीच वळणार नाही म्हणतात. आई दिवसा तिथे असते, रात्री मी. आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही. इस्पितळातून सुटले की पोलिस त्यांना न्यायला येणार आहेत, त्यांनी जबाब लिहून दिलाय, स्रेतेनचं नाव घेतल्याचं धरून सगळं. कुठेही सारवासारव केली नाही, मी वाचलाय.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ते रडले, तारेमुळे नीट रडताही येत नाही. मग डाव्या हाताने, लहान मुलासारख्या अक्षरात, पाटीवर लिहायला लागले. मला एक तास लागला ते सगळं वाचायला. ते तुम्हाला कळवायचं असं त्यांनी दोनदा लिहिलं, म्हणून कळवते.

ते म्हणतात, उग्लेशा काहीच बोलला नाही. गाडीतून उतरेपर्यंत तो गेलेला होता. त्याने त्यांना ओळखलं नाही, तुमचं नाव घेतलं नाही, त्याला काही कळलंही नाही. अंघोळ घालताना त्यांना त्याच्या पाठीवरचे नळीचे वळ दिसले होते. गाडीने तसे वळ उठत नाहीत, ते तुमचेच हे त्यांना तेव्हाच समजलं, आणि त्यांनी शर्ट घालून ते झाकले, कुणाला दिसू दिले नाहीत. कारखान्यात तुम्ही पाना उचललात तेव्हा जीव वाचवायला दुसरं काही सुचेना, म्हणून ते वाक्य त्यांनी बनवलं. तुम्हाला हे सांगायचं, म्हणजे तुम्हाला झोप लागेल, असं ते म्हणतात.

मला माहीत नाही, आधी खोटं बोलले की आता बोलताहेत. माझा बाप दोन्ही करू शकतो, हे मला या महिन्यात कळलंय. मी त्यांना पुन्हा विचारलं, त्यांनी पाटी पुसून टाकली आणि भिंतीकडे तोंड केलं.

पण कुम, त्यांनी ते बनवलेलं असेल, तर जीव वाचवायला त्यांनी तुमच्या पोराच्या तोंडी दोन ओळी घातल्या. आणि तुमच्या हातात पाना होता, तुम्ही त्यांच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवणार नव्हता. तरी त्या दोन ओळी ऐकताक्षणी, काही न विचारता, तुम्ही ओळखलंत की हा उग्लेशाच बोलतोय.

यागोदा